चहा संपेपर्यंत तू दारात उभी होतीस

जसमाय,

संग्रामपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हाच डोंगराच्या अंगाला धूर दिसला. एका जागी नाही, तीन-चार जागी. मोहाचे दिवस आहेत. झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करायची, म्हणजे पडलेली फुलं वेचता येतात. हे तुमच्याकडे दरवर्षीचं आहे आणि तू गेलीस म्हणून ते थांबायचं काही कारण नव्हतं. तरी माझे पाय उचलेनात. ऑटोवाला म्हणाला, "गुरुजी, बसा ना, काय पाहून राह्यले तिकडं?" धूर सरळ वर जात नव्हता. वारा फिरलेला होता, त्या दिवशीसारखा.

तुझ्या दादानं मला बोलावलं नव्हतं. फोन तुझ्या लेकीनं, सरितानं केला होता. तुमच्यात गेलेल्या माणसासाठी सागाचा खांब कोरतात, त्यावर चंद्र-सूर्य काढतात आणि आधी गेलेल्यांच्या रांगेत तो उभा करतात, हे मला तूच एकदा समजावून सांगितलं होतंस. तुझा नवरा घरजावई म्हणून आलेला, त्यामुळे तुझी जागा गावाबाहेरच्या याच रांगेत, तुझ्या बाच्या शेजारी. पण सरिता सांगत होती, मोतीमामा ऐकत नाही. तो म्हणतो, बाप जळत असताना जिनं तोंड उघडलं नाही तिला बापाजवळ जागा नाही, तिचा खांब रांगेच्या बाहेर नाल्याकडे लावा. जागा ठरवायला सगळे बसणार आहेत. "गुरुजी, तुमी मोठे माणूस. तुमचं ऐकतीन," असं ती म्हणाली.

तू तोंड उघडलं नाहीस, हे खोटं आहे. ते खोटं आहे हे तुझ्यानंतर आता या मुलखात मला एकट्याला माहीत आहे.

त्याआधी शाळेतल्या शोकसभेचं सांगतो. तुझा फोटो ठेवला होता, हार होता. आताचा मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी. त्यानं भाषणात सांगितलं की कोरकू घरात जन्मून इतकं शुद्ध मराठी बोलणारी बाई या पट्ट्यात दुसरी झाली नाही, आणि त्याचं श्रेय समोर बसलेल्या गुरुजींना जातं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. तरी चार-दोन जणांनी वाजवल्या. मी हात जोडले. तुझ्या फोटोसमोर बसून मी हात जोडले. हे लिहायचं तेव्हाच ठरवलं, आणि छापून यावं असंही. तुला यातलं सगळं माहीतच आहे. माहीत नाही ते इतरांना.

माझ्या वर्गातला तो नियम तुमच्यापैकी कोणी विसरलं नसेल. "वाक्य परत." पोरगं काहीही सांगायला आलं, पाणी पाहिजे असो, पोट बिघडलेलं असो, कोणी पडलेलं असो, त्याच्या वाक्यातलं लिंग चुकलं की मी बोट वर करायचो. वर्ग गप्प व्हायचा. पोरगं उभं राहायचं, वाक्य नीट करून पुन्हा म्हणायचं आणि मगच मी त्यातली गोष्ट ऐकायचो. तू पहिल्या महिन्यात म्हणालीस, "गुरुजी, बाई आला." पोरं हसली. मी बोट वर केलं. तू "बाई आलो" म्हणालीस, मग "बाई आलं" म्हणालीस, मग रडायला लागलीस. "आली" सापडेपर्यंत बाई येऊन, वाट पाहून, निघून गेली होती.

मी दुष्ट नव्हतो, असं मला स्वतःला सांगता येतं. मी स्वतः तसाच शिकलो होतो. पिंपळगाव राजाला आमच्या घरात "पोरं आले", "लेकरं गेले" असंच बोलतात. माझी माय मरेपर्यंत तसंच बोलली. अध्यापक विद्यालयात पहिल्याच दिवशी मी "मले" म्हटलं आणि पाठोपाठ "पोरं आले" म्हटलं, तेव्हा पुण्याकडचे एक सर हसले नाहीत. त्यांनी फक्त भुवई उचलली. त्या भुवईला मी जन्मभर भ्यालो. बोलायच्या आधी मनात वाक्य लावून पाहायची सवय मला तिथे लागली, आणि तीच मी तुम्हाला शिकवली, माझ्याकडची सर्वांत मोलाची वस्तू द्यावी तशी.

तुला ती लागली. आधी तुझे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. एकेक नाव तू तोंडात घेऊन पाहायचीस, हा की ही की हे, बाजारात नाणं दाताखाली धरून पाहावं तसं. मग वाक्य यायचं, अगदी स्वच्छ. मी इतर शिक्षकांना ते हलणारे ओठ दाखवायचो. म्हणायचो, पाहा, मूल विचार करतं आहे.

सातवीत असताना तू मला अडवलं होतंस, ते भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणालीस, "गुरुजी, माणूस आला अन् दगड आला, तुमच्यात दोन्ही सारखेच?" मी म्हटलं, हो, दोन्ही पुल्लिंगी. तुमच्या बोलीत बाई आणि बुवा यांना एकच रूप चालतं, पण जीव असलेलं आणि जीव नसलेलं वेगळं ठेवावं लागतं. तिथे चूक झाली तर लहान पोरंही हसतात. तुला आमचीच भाषा बेफिकीर वाटत होती. मी म्हटलं, भाषेशी वाद घालायचा नसतो, ती पाठ करायची असते. तू म्हणालीस, "मग आग कुठं जाते? जिवंतात का दगडात?" मी म्हटलं, आग स्त्रीलिंगी. तू म्हणालीस, मी ते विचारलं नाही.

तू काय विचारत होतीस हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळायला नको होतं अशा रीतीने कळलं.

मोठी झाल्यावर तू पळवाट काढलीस, आणि तिच्यावर सगळं गाव हसायचं. तू अंगणवाडीत लागलीस तेव्हा सगळ्यांनाच अहो-जाहो करायचीस. सुपरवायझर बाई आले. सरपंच आले. बकरी आले. आदराचं रूप वापरलं की चूक झाली तरी कोणी रागावत नाही, हे तुझं तूच शोधलं होतंस. बाजारात तुला मुद्दाम विचारायचे, जसमायबाई, कोंबडी कोणी नेली? तू म्हणायचीस, "बोका आले होते, ते घेऊन गेले." तूही हसायचीस. माझ्यासमोर मात्र पळवाट नाही. माझ्यासमोर ओठ हलायचे.

आता तो दिवस. तू तेव्हा अंगणवाडीत नुकतीच लागली होतीस.

बुलढाण्याहून साहेब तपासणीला आले होते. माझ्या खोलीत ते, मी आणि टेबलावर चहा. शाळेच्या आवारात एकही पोरगं कोरकूत बोलत नाही, हे मी त्यांना अभिमानानं सांगत होतो. तू दारात आलीस. धावत आली होतीस, पदर कमरेला खोचलेला, पायात काही नाही. "गुरुजी," म्हणालीस, "जंगल लागला, बा..." आणि साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलेलं मला दिसलं.

मी बोट वर केलं.

रागानं नाही, जसमाय. हे तुलाही ठाऊक आहे. साहेबांसमोर माझी शाळा चुकू नये इतकंच. मी म्हटलं, "शांतपणे. वाक्य परत." तू थांबलीस. तुझे ओठ हलायला लागले. मी साहेबांकडे वळलो आणि त्यांना माझी पद्धत समजावून सांगू लागलो, की माझ्याकडे शिकलेली मुलं घाईनं बोलत नाहीत, आधी मनात लावून पाहतात. साहेब ऐकत होते. आम्ही चहा घेत होतो. तू आमच्याकडे पाहत नव्हतीस, समोरच्या भिंतीकडे पाहत होतीस आणि तुझे ओठ हलत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. कप रिकामा झाला होता एवढं आठवतं. मग तू म्हणालीस, "गुरुजी, जंगलाला आग लागली आहे आणि माझे वडील आत अडकले आहेत."

एकही चूक नव्हती. साहेब म्हणाले, वा.

मग मला वाक्याचा अर्थ लागला.

घंटा वाजवली, मोठी पोरं हिरव्या फांद्या घेऊन धावली, मीही धावलो. तुझ्या बानं मोहाखालचा पाला स्वतःच पेटवला होता. वारा फिरला आणि आगीनं त्याला ओढ्याच्या बाजूनं कोंडलं. आम्ही पोचलो तेव्हा मोतीनं त्याला बाहेर ओढलेलं होतं. खामगावच्या दवाखान्यात तो थोडेच दिवस जगला. आम्ही आधी निघालो असतो तर तो वाचला असता का, हे मला माहीत नाही. मी स्वतःला दोन्ही बाजूंनी सांगून पाहिलं आहे. एकही उत्तर टिकत नाही.

मोती डोंगरावरून येताना शाळेच्या कुंपणापाशी आला होता, मदतीला. त्याला फक्त तुझी पाठ दिसली, असं मी धरून होतो. दारात उभी, गप्प. तो तसाच परत पळाला. मातीनंतर गाव बसलं तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "बाप जळून राह्यला होता, अन् हे दारात उभा होता. काऊन उभा होता, विचारा तिले." सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं.

तू काही बोलली नाहीस. त्या दिवसापासून मोती तुझ्या अंगणात आला नाही. तुझ्या सरिताच्या लग्नातही तो मांडवाबाहेरून परत गेला, हे मी पाहिलं आहे. आणि मी त्या पंगतीत जेवून आलो.

निवृत्त झाल्यावर मी तुझ्या अंगणवाडीत येऊन बसू लागलो, ते का, हे तू कधी विचारलं नाहीस. पहिल्याच दिवशी एक पोरगं दारातून आत आलं आणि म्हणालं, "माय आला." तू लगेच म्हणालीस, "कुठं आला?" त्याच्याच चुकीच्या रूपात. पोरगं हात धरून तुला बाहेर घेऊन गेलं. परत आलीस तेव्हा मी म्हटलं, अगं, आली म्हणायला शिकव. तू खिचडी वाढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "गुरुजी, इथं नाही." आणि थोड्या वेळानं, "आधी कोण आला ते पाहायचं. आला का आली, ते मग शिकतेतच पोरं."

शिकतच होती. तुझ्याकडून आलेली पोरं पहिलीत बोलकी असायची. चुकायची, आणि बोलत राहायची, आणि दोन पावसाळ्यांत चुका आपोआप झडून जायच्या. मी जे बोट वर करून करत होतो ते तू नुसतं उत्तर देऊन करत होतीस.

तिथेच मी तुझ्याकडून कोरकू शिकायला लागलो. म्हाताऱ्याचं शिकणं. मी चंद्राला निर्जीव ठरवलं तेव्हा पोरं लोळून हसली. तुमच्यात तो जिवंतांत जातो. तू हसलीस, पण मला परत म्हणायला लावलं नाहीस. मी वाट पाहत होतो. तू पुढच्या गोष्टीकडे गेलीस. जसमाय, एवढी दया मला कोणी दाखवली नव्हती आणि ती मला सहन होत नव्हती.

एकदा पोरं गेल्यावर मी विचारलंच. म्हटलं, त्या दिवशी तू कोरकूत का ओरडली नाहीस? शेजारच्या वर्गात सगळी कोरकू पोरं होती, एका हाकेला उठली असती. तू झाडू मारत होतीस. म्हणालीस, "शाळेत कोरकूत ओरडायचं नसते. तुमीच शिकवलं." मग म्हटलं, आणि मोतीला का सांगितलं नाहीस? तू झाडू भिंतीला टेकवलास. "सांगितलं असतं तं गावानं पोरं काढून घेतले असते शाळेतून. एकही पोरगं राह्यलं नसतं तुमच्याकडं."

पोरं काढून घेतले. माझ्या मायचं रूप. मी दुरुस्त केलं नाही. पण मी हेही म्हटलं नाही की चल, आता जाऊन मोतीला सांगू. ऊन उतरायची वाट पाहायला हवी, असं काहीतरी म्हणालो आणि बससाठी निघालो. त्यानंतर कितीदा आलो, कितीदा निघालो. तू एकदाही आठवण करून दिली नाहीस.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा मी होतो, ते तुला आठवत असेल. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं विचारलं, आजी, काय होतंय? तुझे ओठ हलायला लागले. तो पुढच्या खाटेकडे वळू लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, थोडं थांबा, ती बोलते आहे. तो थांबला. आणि तू म्हणालीस, "पोट दुखतो."

डॉक्टरनं विचारलं, कधीपासून? बस. इतकंच. त्याला काही खटकलं नाही, तो ऐकतच होता. पण माझ्या कपाळावर आठी आली. आली, जसमाय; त्या खाटेपाशी, तुझी ती अवस्था असताना. शरीराला लागलेली सवय. आणि तू ती आठी पाहिलीस. डॉक्टरनं पुढचं विचारलं तेव्हा तू मान हलवलीस फक्त. बाकीचं काय सांगायचं होतं ते तू सांगितलं नाहीस. संध्याकाळी सरिताशी कोरकूत काही बोललीस, मला अर्धं कळलं. सकाळी तू नव्हतीस.

तर परवा सगळे त्या रांगेपाशी बसले होते. खांब जुने, काही कलले आहेत, तुझ्या बाच्या खांबावरचा सूर्य पावसानं गुळगुळीत झाला आहे. मोती पहार मांडीवर आडवी घेऊन बसला होता. तोही आता म्हातारा झाला आहे. मला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, तुमी याच्यात पडू नका. हे आमच्या घरचं आहे."

मी म्हटलं, मी त्यातच आहे.

मराठीत सांगता आलं असतं. पण तुमच्या म्हाताऱ्या बायांना माझं पुस्तकी मराठी कळत नाही आणि मला कोणाच्या तोंडून जायला नको होतं. मी कोरकूत बोलायला उभा राहिलो. शब्द येईनात. माझेच ओठ हलत आहेत हे मला कळलं. सगळे पाहत होते. मग मी जुळवणं सोडून दिलं आणि बोललो, मोडकं, चुकीचं. तुझ्या बाला बहुतेक एकदा निर्जिवांतही घातलं. म्हटलं, ती बोलायला आली होती. मी थांबवलं. नीट बोल म्हणालो. ती नीट बोलेपर्यंत मी ऐकलं नाही.

मोती माझ्याकडे पाहत होता. मग मराठीत म्हणाला, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"परत. इकडं तोंड करून. यायले ऐकू येत नाही."

मी म्हाताऱ्यांकडे तोंड करून परत सांगितलं. दर खेपेला ते लहान होत गेलं. शेवटी दोनच गोष्टी उरल्या. ती बोलत होती. मी ऐकत नव्हतो.

मोती म्हणाला, "चहा पेत होते तुमी?"

कुंपणातून त्याला माझ्या हातातला कप दिसला होता तर. इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांत तो होता आणि त्याचा अर्थ त्याला लावता येत नव्हता.

"हो," मी म्हटलं.

"पूर्ण पेले?"

"हो."

तो पहार घेऊन उठला. तो माझ्याकडे येतो आहे असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मी सरकलो नाही. मी खाली पाहिलं, पुन्हा एकदा. लोखंड जमिनीत शिरल्याचा आवाज आला तेव्हा मान वर केली. तो तुझ्या बाच्या खांबाच्या उजव्या अंगाला खणत होता. माझ्याकडे त्याची पाठ होती. सरिता तोंडावर पदर घेऊन बसली होती. डोंगरावरचा धूर आता खाली उतरलेला होता, जमिनीला लागून, आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

तेवढ्यात नाल्याकडून एक पोरगी पळत आली. तुझ्या अंगणवाडीतली, परकराची नाडी सुटलेली. लांबूनच ओरडत होती, अर्धं कोरकूत, अर्धं मराठीत, जे तोंडाला येईल ते. "आग आला, आग आला, माय तिकडं..."

मोतीनं पहार टाकली. म्हातारे उठले, बाया उठल्या, रस्त्यातल्या पळसाच्या फांद्या मोडत सगळे धावले. मी शेवटी होतो. तिची माय धुरातून हाताला लागली. लुगड्याचा काठ जळाला होता, बाकी खोकला. आग आम्ही ओढ्यापाशी झोडपून विझवली. परत आल्यावर मोतीनं हात न धुताच पहार उचलली आणि राहिलेला खड्डा पुरा केला. तुझ्या बाजवळच आहेस तू. माझ्याशी तो बोलला नाही, आणि बोलेल अशी मी वाट पाहत नाही.

पण तुला सांगायचं होतं ते हे. ती पोरगी. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे उठलेले होते.